पुण्याच्या अंगणात गादीवाफे : उंची किती, माती कोणती आणि पदरात काय पडते

प्रश्न : धायरीत आमचे रो-हाउस आहे. घराच्या पूर्वेला, घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, दक्षिणोत्तर २० फूट लांब आणि १२ फूट रुंद अशी मोकळी पट्टी आहे. वर काळी माती दिसते, पण फूटभर खणले की बांधकामाचा राडारोडा लागतो. गेल्या पावसाळ्यात लावलेली टोमॅटो आणि मिरचीची रोपे पंधरा दिवसांत पिवळी पडून गेली. आता उंच वाफे करण्याचा विचार आहे. ते किती उंच असावेत, कशाचे बांधावेत, त्यांत काय भरावे, आणि एवढ्या खटाटोपाचा खरोखर फायदा होतो का? एखादा वाफा गच्चीवर केला तर चालेल का?

उत्तर : आपली रोपे रोगाने गेली नसावीत, ती बहुधा गुदमरली. पुण्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात. फुगल्यावर मातीतील बारीक पोकळ्या मिटतात, हवा निघून जाते आणि मुळांना श्वास घेता येत नाही. त्यातच आपल्याकडे खाली राडारोडा आहे, आणि बांधकामाच्या वेळी त्यावरून ट्रक व यंत्रे फिरून तो दडपून गेलेला असणार. वरून आलेले पाणी त्या थरावर अडते आणि वरची फूटभर काळी माती दिवसचे दिवस चिखलासारखी राहते. अशा वेळी पाने पिवळी पडलेली पाहून लोक खत घालतात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, ऊन पडले म्हणून आणखी पाणी घालतात.

आपल्याकडच्या शेतकऱ्याजवळ यासाठी एक नेमका शब्द आहे : वाफसा. मातीत ओल आहे, पण हवाही खेळती आहे, मूठ आवळली तर ढेकूळ बनते आणि बोटाने टोकरले तर ते सुटते, ही ती अवस्था. रोप वाढते ते वाफशात. गादीवाफा म्हणजे हा वाफसा जास्तीत जास्त दिवस टिकवण्याची सोय, एवढीच त्याची व्याख्या मी करीन. रोपवाटिकेत कांद्याची किंवा वांग्याची रोपे तयार करण्यासाठी शेतकरी तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभर उंच गादीवाफे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. साताऱ्याकडचे आल्याचे पीक गादीवाफ्यावर घेतले जाते, आणि जुन्नर-नारायणगावचा टोमॅटोही अनेक ठिकाणी गादीवाफा, आच्छादनाचा कागद आणि ठिबक यांवरच उभा असतो. त्यामुळे परदेशी चित्रांतील लाकडी पेट्या पाहून ही काही नवी गोष्ट आहे असे समजू नये. कडेला विटा लावल्या की तोच गादीवाफा अंगणात शोभून दिसतो.

पुण्याची अडचण मात्र दुहेरी आहे. शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पश्चिमेला डोंगरांकडे सरकावे तसा तो वाढतो. या काळात सपाट जमिनीला कधीकधी आठवडाभर वाफसा येत नाही. उलट एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ पोहोचतो तेव्हा चारही बाजूंनी हवा लागणाऱ्या उंच वाफ्यातील ओल सकाळी दिलेल्या पाण्यानंतर संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. वाफा जितका उंच तितका त्याचा निचरा चांगला, आणि तितकाच तो उन्हाळ्यात तहानलेला. म्हणून माझा नियम असा आहे की वाफा पावसाळ्याकडे पाहून उंच करावा आणि मे महिन्याकडे पाहून भरावा. यातले एकच पाहणारे लोक वर्षाच्या आत वाफा सोडून देतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझा पहिला वाफा मी दोन फूट उंच, सिमेंटमध्ये विटा बसवून, आतून गिलावा करून बांधून घेतला होता, आणि खाली आधीचा कोबा तसाच राहू दिला होता. गवंड्याने काम इतके चोख केले की जुलैत त्या वाफ्याचा हौद झाला आणि वांग्यांची रोपे त्यात अक्षरशः कुजली. छिन्नीने तळाशी भोके पाडली तेव्हा काळे, घाण वासाचे पाणी दोन दिवस वाहत होते. पुढच्या मे महिन्यात तोच वाफा दिवसाला दोनदा पाणी मागू लागला, कारण उन्हात विटा तापून कडेची माती भाजून निघत होती.

आपल्या जागेसाठी १० इंच उंची पुरेशी आहे. तळ उघडा असला पाहिजे, म्हणजे मुळांना हवे तेव्हा खालच्या जमिनीत उतरता येईल. पण त्याआधी एक परीक्षा करावी. पट्टीच्या मध्यभागी एक फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा घ्यावा, पाण्याने भरावा, ते पाणी जिरू द्यावे आणि लगेच दुसऱ्यांदा भरावा. दुसरे पाणी तीन-चार तासांत उतरले तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तसेच दिसले, तर नुसती उंची वाढवून भागणार नाही. वाफ्यांमधल्या वाटा अर्धा-पाऊण फूट खोल चरासारख्या करून त्यांना रस्त्याच्या बाजूला उतार द्यावा लागेल. पाणी वाफ्यातून बाहेर पडले तरी पट्टीबाहेर गेले पाहिजे, याचा विसर फार लोकांना पडतो.

उन्हाचा हिशेब मे महिन्यात करू नये. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि प्रत्येक कोपरा उन्हाचा वाटतो. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य दुपारीही दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. म्हणजे आपल्या पट्टीच्या दक्षिणेला ३० फूट उंच इमारत असेल तर तिची दुपारची सावली उत्तरेकडे जवळजवळ २७ फूट पसरते. आपला मुख्य भाजीचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. घराच्या पूर्वेची पट्टी असल्याने आपल्याला सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारनंतर घराची सावली येईल. रोज सहा तास थेट ऊन मिळत असेल तर टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी घ्यावी. चार तास असेल तर पालेभाज्यांवर आणि आले-हळदीवर समाधान मानावे. दुपारची ही सावली हिवाळ्यात उणी वाटेल, पण मे महिन्यात तिचे उपकार आठवतील.

मांडणी अशी सुचवतो. घराच्या जोत्यापासून ३ फूट जागा मोकळी सोडावी, म्हणजे पायाकडे ओल जाणार नाही आणि वावरायलाही जागा राहील. मग ४ फूट रुंदीचा वाफा, मग २ फुटांची वाट, मग अडीच फूट रुंदीचा वाफा आणि शेवटी कुंपणाच्या भिंतीपासून ६ इंच अंतर. हे बरोबर १२ फूट होतात. रुंदी ४ फूट यासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो. भिंतीलगतच्या वाफ्यात एकाच बाजूने हात घालायचा असल्याने तो अडीच फुटांहून रुंद करू नये. ४ फुटी वाफा सलग न करता ८-८ फुटांचे दोन तुकडे करावेत आणि मध्ये २ फूट जागा सोडावी. सलग लांब वाफा केला की माणूस वळसा घालायचा कंटाळा करतो, आधी उडी मारतो आणि एके दिवशी त्यात पाय ठेवतो. वाफ्यात एकदाही पाय पडू न देणे हा या पद्धतीचा अर्धा लाभ आहे, कारण माती दडपली गेली नाही तर ती दरवर्षी खणावी लागत नाही. वेलांचा मांडव उत्तरेच्या टोकाला असावा. पूर्वेच्या भिंतीशी उभा केला तर तो सकाळचे ऊन अडवील.

कडेसाठी साध्या भाजक्या विटा पुरेशा आहेत. ९ इंच लांब आणि ३ इंच जाड अशी वीट धरली तर ८ बाय ४ फुटांच्या एका वाफ्याला एका थरात सुमारे ३२ विटा लागतात. चार थर, म्हणजे सुमारे १३० विटा; त्यातला सर्वांत खालचा थर २ इंच जमिनीत रुतवावा, म्हणजे वर १० इंच राहतात आणि वाफा फुगून बाहेर ढकलला जात नाही. सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. सिमेंट लावू नये. विटांच्या फटींतून पाणी पाझरते आणि पुढे वाफा हलवायचा झाला तर एक सकाळ पुरते. उभ्या शहाबादी फरशा कमी जागा खातात आणि पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या बागांत त्या तशा लावलेल्या दिसतात, पण त्या जमिनीत निदान सहा इंच गाडाव्या लागतात. लाकूड दिसायला सुंदर असले तरी आपल्याकडे वाळवीपुढे त्याचे काही चालत नाही. कारखान्यांतून आलेली पाइनच्या खोक्यांची फळी स्वस्तात मिळते. तिच्यावर ‘एचटी’ हा शिक्का असेल तर ती उष्णतेची प्रक्रिया केलेली असते आणि वापरता येते, ‘एमबी’ असेल तर ती विषारी धुरी दिलेली असते, ती घेऊ नये. रेल्वेचे जुने स्लीपर आणि जुने सिमेंटचे पत्रे भाजीच्या वाफ्याजवळही आणू नयेत. स्लीपरांना डांबरातून काढलेले तेल पाजलेले असते आणि पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

विटा रचण्याआधी खालच्या जमिनीवर एक दिवस खर्च करावा. पहारीने आणि कुदळीने नऊ इंच खोलवर जमीन सैल करावी आणि सिमेंटचे, चुन्याचे गोळे, सळ्या, फरशीचे तुकडे वेचून काढावेत. पुण्याची काळी माती मुळातच थोडी अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त असते. त्यात सिमेंटची भर पडली की झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसू लागतात. लव्हाळा आणि हरळी असेल तर त्यांच्या गाठी आणि मुळ्या हातानेच काढाव्या लागतात; खाली पुठ्ठा अंथरला तर गाजरगवत दबते, लव्हाळा मात्र त्यातून सुईसारखा वर येतो. (गाजरगवताची भारतातील पहिली शास्त्रीय नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, त्यामुळे त्याच्याशी आपले नाते जुने आहे. फुलोऱ्यापूर्वी उपटले तर त्याचे खत होते, फुलल्यावर नाही.) परिसरात घुशींचा वावर असेल तर तळाला अर्धा इंची जाळी अंथरावी. विटांचे तुकडे किंवा खडी यांचा थर मात्र तळाला घालू नये. निचरा वाढतो या समजुतीने तो सर्रास घातला जातो, पण बारीक मातीतले पाणी वरचा थर पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत खालच्या जाड खडीत उतरतच नाही. म्हणजे ओलीची पातळी उलट मुळांच्या जवळ येते आणि दहा इंचांतले तीन इंच फुकट जातात.

आता भरण, आणि इथेच खरे काम आहे. आपल्या तिन्ही वाफ्यांचे क्षेत्र सुमारे ११० चौरस फूट होते. १० इंच उंचीला ९० घनफुटांहून थोडे अधिक, म्हणजे जवळजवळ एक ब्रास भरण लागते. पहिल्या वर्षी ते पाव ते तृतीयांश खाली बसते, म्हणून सव्वा ब्रासाची तयारी ठेवावी. त्यात निम्मी माती, तीस टक्के कुजलेले खत आणि वीस टक्के सैल करणारा माल असे प्रमाण मला मानवले आहे.

मातीच्या बाबतीत पुण्यात एक फॅशन आहे, ती म्हणजे काळी माती काढून टाकून सगळीकडे रोपवाटिकेची लाल माती ओतणे. लाल माती निचऱ्याला उत्तम, पण तिच्यात अन्न कमी आणि पाणी धरून ठेवण्याची ताकद त्याहून कमी. नुसत्या लाल मातीचे वाफे जुलैत हसतात आणि एप्रिलमध्ये रडतात. जी काळी माती सपाट जमिनीत शत्रू होती ती उंच वाफ्यात, योग्य प्रमाणात, उन्हाळ्यातला सर्वांत मोठा आधार ठरते. म्हणून मातीच्या भागात दोन वाटे लाल किंवा पोयटा (नदीकाठच्या गाळाची) माती आणि एक वाटा आपल्याच अंगणातली काळी माती घ्यावी, राडारोडा वेचून. ती मिसळण्याची वेळही साधावी लागते : ओली असताना तिचा गोळा होतो, पूर्ण वाळली की ढेकूळ फुटत नाही, हलके पाणी मारून वाफसा आला की ती हाताने भुगा होते. पोयटा घेताना तो कुठला आहे हे विचारावे. शहरातून वाहून गेलेल्या नदीच्या काठचा गाळ भाजीला वापरू नये, कारण त्याच्याबरोबर सांडपाण्यातले काय काय येते ते डोळ्यांना दिसत नाही.

शेणखत पूर्ण कुजलेले, काळपट, भुसभुशीत आणि मातीचा वास येणारे असावे. एका वर्षी मी गोठ्यावरून घाईने आणलेले अर्धवट कुजलेले शेण वाफ्यात घातले. त्याबरोबर हुमणीच्या अळ्या आल्या आणि कोबीची रोपे उपटली तर मुळेच नव्हती. खात्री नसेल तर शेणखत निम्मे आणि गांडूळखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचे खत निम्मे घ्यावे. सैल करणाऱ्या मालात भाताचे तूस, कुजलेला पालापाचोळा, धुतलेले कोकोपीट यांपैकी जे मिळेल ते चालते. जानेवारी ते मार्च या काळात शहरात पानगळीचे ढीग पडतात. ते पोत्यांत भरून ओले करून ठेवावेत, पावसाळ्यानंतर त्यांचे उत्तम पानखत होते. रसवंतीवरचे उसाचे चिपाड किंवा लाकडाचा भुसा कच्चाच मुळांजवळ मिसळू नये; तो कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र आधी स्वतः खातात आणि पिकाला उपाशी ठेवतात. कच्चा माल वर आच्छादन म्हणून घालावा, आत नाही. शेवटी दर चौरस मीटरला मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. दरवर्षी मृगाच्या आधी वरून दोन इंच खत पसरले की पुन्हा खणण्याची गरज राहत नाही. गांडुळे ते काम करतात.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात भरलेला वाफा दिवसाला चार मिलिमीटरच्या आसपास आणि मे महिन्यात सात-आठ मिलिमीटर पाणी उडवतो. ८ बाय ४ फुटांचा वाफा तीन चौरस मीटरचा, म्हणजे त्याला हिवाळ्यात रोज सुमारे बारा लिटर आणि मेमध्ये वीस ते पंचवीस लिटर लागतात. एका वाफ्यात ठिबकच्या तीन नळ्या, फूटभर अंतरावर तोट्या असलेल्या, टाकल्या तर पाणी वाया जात नाही आणि पाने कोरडी राहिल्याने रोग कमी होतात. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातले क्षार वाफ्याच्या पृष्ठभागावर पांढऱ्या थराने दिसू लागतात. पावसाळा ते धुऊन नेतो, पण उन्हाळ्यात शक्य तेव्हा नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी आलटून-पालटून द्यावे. मार्चपासून दोन-तीन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन आणि एप्रिलमध्ये ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, या दोन गोष्टी केल्या तर उन्हाळा निभतो.

पावसाळ्यात हेच आच्छादन पातळ करावे, नाहीतर त्याखाली शंखी गोगलगाई मुक्काम करतात. सुक्या रचलेल्या विटांचा हा एक तोटा मला मान्य केला पाहिजे : फटींत त्यांना उत्तम घर मिळते. संध्याकाळी वाटेवर ओले गोणपाट टाकून ठेवावे, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. दुसरे उपाय मी अनेक केले, पण याच्याइतका खात्रीचा एकही नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो : ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर करावी आणि संध्याकाळी फवारावी.

पीक निवडताना वाफा काय देतो आणि काय देत नाही हे लक्षात ठेवावे. पावसाळ्यातले टोमॅटो मुळे गुदमरल्याने मरत असतील तर वाफा त्यांना वाचवील, पण ओल्या हवेत येणारा करपा त्याने थांबणार नाही. म्हणून घरगुती बागेत टोमॅटोची रोपे सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये लावावीत. जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी, दोडका, काकडी आणि वांगी यांना वाव द्यावा. भेंडीत परभणी क्रांतीसारखे केवड्याला (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला) सहनशील वाण घ्यावे. वांग्यात मांजरी गोटा, जो आपल्या पुण्याजवळच्या मांजरीचेच नाव मिरवतो, भरल्या वांग्यासाठी मला अजून सरस वाटतो. घराकडच्या, दुपारी सावलीत जाणाऱ्या वाफ्यात मे महिन्यात आले आणि हळद लावली तर जानेवारी-फेब्रुवारीत काढणी होते. दहा इंच भुसभुशीत मातीत गड्डे असे फुगतात की काढताना कुदळ लागत नाही. दसऱ्यानंतर मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, घेवडा आणि लसूण. मेथी २५ ते ३० दिवसांत, पालक महिन्याच्या आगेमागे, मुळा ४० ते ४५ दिवसांत हाती येतो. दर दहा दिवसांनी हातभर पट्टा पेरत गेले तर एकदम वीस जुड्या होऊन शेजाऱ्यांवर लादाव्या लागत नाहीत. उन्हाळ्यात लाल माठ, चवळी, गवार आणि पुसा चेतकीसारखा उष्णता सोसणारा मुळा. टोमॅटो, वांगी, मिरची ही एकाच कुळातली पिके असल्याने ती त्याच वाफ्यात लागोपाठ घेऊ नयेत. मुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमीचा प्रादुर्भाव समजावा आणि तिथे एक हंगाम झेंडू लावावा.

फायद्याबद्दल आपण स्पष्ट विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. मंडईत किंवा दारावर मिळणाऱ्या भाजीच्या दराशी तुलना केली तर विटा, माती आणि खत यांचा खर्च पहिल्या वर्षी भरून निघत नाही, आणि कांदा-बटाटा घरी पिकवून तर तो कधीच निघणार नाही. हिशेब जमतो तो पालेभाज्या, कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, आले यांसारख्या थोड्या थोड्या रोज लागणाऱ्या आणि पावसाळ्यात भाव चढणाऱ्या जिनसांत. चार माणसांच्या घराला हिवाळ्याचे चार महिने पालेभाजी बाहेरून आणावी लागू नये एवढे दोन वाफे देतात. दुसऱ्या वर्षापासून खर्च फक्त बियाण्याचा आणि थोड्या खताचा उरतो, तण बरेच कमी होते आणि खणण्याचे कष्ट थांबतात. घरात गुडघेदुखीचे कोणी असेल तर घराकडच्या वाफ्याची कड दीड फूट उंच करून वर शहाबादी फरशी बसवावी. बसून काम करता येते. त्या वाढीव उंचीचा तळ मात्र महाग मातीने न भरता जुन्या फांद्या आणि पाल्याने भरावा.

गच्चीवर हा वाफा जशाच्या तसा करू नये. एक फूट ओल्या मातीचे वजन चौरस मीटरला पाचशे किलोहून अधिक भरते, आणि भारतीय मानकात माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी वापराचा जो भार धरतात तो चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास आहे. म्हणजे आपण छतावर तिपटीहून जास्त ओझे कायमचे ठेवणार. तिथे करायचेच असेल तर पानखत, कोकोपीट आणि तूस यांचे हलके, सहा इंचांचे भरण तुळयांच्या वर आणि भिंतीलगत, पाण्याला वाट राहील असे स्टँडवर ठेवावे, पालेभाज्यांपुरते. आणि त्याआधी संरचना अभियंत्याकडून स्लॅब तपासून घ्यावा. जलरोधक थरावर थेट माती ओतलेल्या गच्च्यांना दोन पावसाळ्यांत गळती लागलेली मी पाहिली आहे.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करावे. एप्रिलमध्ये वाफे भरून, पाणी मारून, आच्छादून ठेवले की मृगापर्यंत भरण बसते आणि खताची उरलीसुरली ऊब निघून जाते. नव्या वाफ्यात पहिल्यांदा गाजर किंवा टोमॅटो न लावता हिरवळीचे खत म्हणून ताग दाट पेरावा, ४० ते ४५ दिवसांनी फुलोऱ्याआधी कापून तिथेच पसरावा, आणि ऑगस्टच्या अखेरीस वांग्याची रोपे लावावीत. एखाद्या वाफ्याबाबत एवढाही धीर नसेल तर त्यात लाल माठ आणि चवळी पेरावी. दोन्ही फारशा तक्रारी न करता येतात आणि माती कुठे कमी पडते आहे तेही दाखवून देतात.